नांव तेंच, नोंद निराळी

आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची रीत महाराष्ट्रांत जुनी आहे. त्यामुळें घरच्या दस्तऐवजांत ‘गोविंद केशव’ दोनदां भेटतो, आणि त्यांतला आजोबा कोणता व नातू कोणता हें नुसत्या नांवावरून ठरत नाहीं. इंटरनेटवरील डोमेन-नांवांची गत अशीच आहे.

डोमेन-नांव कायमचें विकत मिळत नाहीं. तें मुदतीनें मिळतें. ‘डॉट कॉम’सारख्या वर्गांत ही मुदत एका वेळीं फार तर १० वर्षांची असते. ती टळली, तर प्रथम ४५ दिवसांपर्यंत सवलत, मग सोडवून घेण्यास ३० दिवस, अखेरीस ५ दिवसांची प्रतीक्षा. आणि मग नांव मोकळें! जो आधीं पोहोंचेल त्याचें तें होतें. एखाद्या शाळेनें विसरलेलें नांव उद्यां एखादा भामटा घेईल, आणि पालकांची पत्रें त्याच्या दारीं जाऊन पडतील. पुढें चौकशी निघाली म्हणजे प्रश्न येतो : अमुक दिवशीं हें नांव कोणाच्या नोंदींत होतें?

येथें नोंदीचा क्रमांक कामास येतो. नोंदणीच्या यंत्रांनीं परस्परांशीं कसें बोलावें याचे नियम २००९ सालीं पूर्ण मानक म्हणून मान्य झाले. त्यांत असें बंधन आहे कीं, नोंद निर्माण होतांच तिला जगांत एकमेव असा क्रमांक मिळालाच पाहिजे. ‘एग्झाम्पल डॉट कॉम’ या उदाहरणादाखल राखून ठेवलेल्या नांवाचा क्रमांक ‘२३३६७९९_डोमेन_कॉम-व्हीआरएसएन’ असा आहे. आडव्या रेघेपूर्वींचा भाग नोंदणी-संस्था स्वतः ठरविते. नंतरचीं अक्षरें त्या संस्थेचीं. हीं अक्षरें ‘आयाना’च्या यादींत नोंदलेलीं असतात, म्हणून दोन संस्थांचे क्रमांक एक होण्याची भीति उरत नाहीं. युक्ति साधी, पण मोठी शहाणपणाची.

धनी नोंदणीचा दलाल बदलतो तेव्हां नोंद तीच राहते, म्हणून क्रमांकही तोच. परंतु नांव सुटून पुन्हां घेतलें गेलें, कीं नोंद नवी आणि क्रमांकही नवा. आजोबा व नातू येथें वेगळे ओळखूं येतात.

मात्र क्रमांक धन्याचें नांव सांगत नाहीं. युरोपांतील खासगी माहितीचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाल्यावर नांव-पत्ते बहुतेक झांकले गेले. कांहीं संस्थांनीं क्रमांकही झांकला. १९८२ सालापासूनची ‘हू-इज’ ही विचारणेची पद्धत ‘डॉट कॉम’सारख्या वर्गांत २८ जानेवारी २०२५ पासून बंधनकारक राहिली नाहीं; तिच्या जागीं आलेल्या ‘आरडॅप’मध्यें हा क्रमांक ‘हँडल’ या शीर्षकाखालीं शोधावा लागतो.