दोन प्रतापगड, एक टपालघर : एकाच मेल सर्व्हरवर अनेक डोमेन

आजचा विषय कार्यालयातल्या मेल सर्व्हरचा आहे, पण सुरुवात आपल्या गावाच्या नावापासून करू.

पाकिटावर नुसतं ‘प्रतापगड’ लिहिलं, तर ते कुठे जाईल? महाशिवरात्रीला यात्रा भरते, डोंगरावर महादेव आहे आणि दर्गाही आहे, ते आपलं गोंदिया जिल्ह्यातलं प्रतापगड. पण महाराष्ट्रात बहुतेकांना हे नाव ऐकलं की सातारा जिल्ह्यातला शिवरायांचा किल्लाच आठवतो. एका नावाची अनेक गावं हा टपाल खात्याचा जुना घोळ. तो सोडवण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली.

ईमेलमध्ये @ च्या आधीचं नाव म्हणजे गावाचं नाव, आणि नंतरचं डोमेन म्हणजे पिनकोड समजा. आज एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे : सर्व्हरने पत्ता वाचताना तो पूर्ण वाचला पाहिजे.

समजा, एका इमारतीत धान खरेदी करणारी सहकारी संस्था आहे आणि वरच्या मजल्यावर शिक्षण संस्था. सर्व्हर एकच, डोमेन दोन. समजायला सोपं जावं म्हणून त्यांना ‘धान’ आणि ‘शाळा’ म्हणू. दोन्हीकडे ‘कार्यालय’ नावाचा पत्ता हवा.

आपण पोस्टफिक्स हा सर्व्हर धरून चालू. त्याच्या मेन डॉट सीएफ या फाइलमध्ये ‘मायडेस्टिनेशन’ अशी एक ओळ असते. कोणत्या डोमेनची टपाल या यंत्राची स्वतःची, ते तिथे लिहितात. नवं डोमेन आलं की पुष्कळ जण त्याच ओळीत ते जोडतात आणि मोकळे होतात. टपाल येऊ लागते, त्यामुळे काम झालं असं वाटतं.

घोळ इथेच होतो. या ओळीतल्या सगळ्या डोमेनसाठी सर्व्हर फक्त @ च्या आधीचं नाव बघतो. कार्यालय@धान आणि कार्यालय@शाळा, दोन्ही एकाच पेटीत! एका ठिकाणी आम्ही स्वतः ही चूक केली होती. शिक्षकपदाचे अर्ज हिशेबनिसाच्या पेटीत पडत राहिले आणि फालतू जाहिराती समजून त्याने ते काढून टाकले. लॉगमध्ये मात्र प्रत्येक पत्रापुढे ‘पोचलं’ अशीच नोंद. अर्ज करणाऱ्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

मग करायचं काय? मायडेस्टिनेशनमध्ये फक्त यंत्राचं स्वतःचं नाव ठेवायचं. धान आणि शाळा ही दोन्ही डोमेन ‘व्हर्च्युअल अलियास डोमेन्स’ या ओळीत लिहायची. त्यानंतर ‘व्हर्च्युअल’ नावाच्या फाइलमध्ये डाव्या बाजूला पूर्ण पत्ता आणि उजव्या बाजूला तो ज्याच्या पेटीत पडायचा त्याचं नाव. फाइल बदलली की ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा चालवायची, नाहीतर सर्व्हर जुनीच यादी वाचत राहतो. एकच डोमेन दोन्ही ओळींत लिहू नका. तसं केलं तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो.

माणसं पुष्कळ असतील आणि प्रत्येकाचं यंत्रावर खातं उघडायचं नसेल, तर ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’ हा दुसरा मार्ग आहे. त्यात पेट्यासुद्धा डोमेननुसार वेगळ्या राहतात.

आता एक मोह टाळायचा. ‘या डोमेनवर काहीही आलं तरी घे’ अशी ओळ लिहिता येते. वाटतं, एकही पत्र हुकणार नाही. पण कचराही सगळा येतो, आणि पत्ता चुकलेल्या माणसाला पत्र परत जात नाही. चुकीच्या पत्त्याला ‘असा कोणी नाही’ म्हणणं हेही टपालवाल्याचं कामच आहे. मात्र ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता प्रत्येक डोमेनवर चालू हवा, तसा नियमच आहे.

आता येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टपालीच्या नोंदींचं बघू. दोन्ही डोमेनच्या एमएक्स नोंदी सर्व्हरच्या एकाच नावाकडे वळवता येतात. त्यामुळे प्रमाणपत्रही त्या एका नावाचं पुरतं. आयपी पत्त्याची उलटी नोंदही त्याच नावाची ठेवायची. पण ओळख पटवणं प्रत्येक डोमेनचं वेगळं. एसपीएफ सांगतो, या डोमेनची टपाल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकते. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर. धानच्या पत्रावर धानची, शाळेच्या पत्रावर शाळेची. डीमार्क सांगतो, या दोन्हींतून ओळख पटली नाही तर पत्राचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या सगळ्यांकडून निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम मागायला सुरुवात केली. रोज ५,००० च्या वर पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्व्हर तयार करा, मग एमएक्स बदला. बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी नोंदीची मुदत, म्हणजे टीटीएल, कमी करून ठेवा. जुना सर्व्हर लगेच बंद करू नका, काही टपाल अजून तिकडेच जात असते.

शेवटी परीक्षा. बाहेरच्या खात्यावरून तीन पत्रं पाठवा : कार्यालय@धान, कार्यालय@शाळा, आणि एक मुद्दाम चुकीच्या नावाने. पहिली दोन वेगवेगळ्या पेट्यांत पडली पाहिजेत आणि तिसरं परत आलं पाहिजे. नुसता लॉग बघून समाधान मानू नका, प्रत्यक्ष पेटी उघडून बघा. पत्र पोचलं ही अर्धीच गोष्ट झाली. ते कोणाकडे पोचलं, हे आपणच बघायचं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.