चैत्रातला हिशेब, आश्विनाचा बाजार

कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून दिवा–वसईची गाडी जाते आणि खालून मुंबई–कल्याणच्या लोकलगाड्या अहोरात्र धावत असतात; ठाणे जिल्ह्याच्या जुन्या इलाख्यातील फुलशेती समजून घेण्यास हा छेद सोयीचा आहे. एका अंगाला वसईपासून विक्रमगड–जव्हारपर्यंत पसरलेला, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या दफ्तरात गेलेला मोगऱ्याचा मुलूख. दुसऱ्या अंगाला कल्याण बाजार समितीच्या आवारातील फूलबाजार. आणि मुंबईच्या दिशेस सर्वांचा भाव ठरविणारे दादर. कोपरच्या खाडीकाठी आता इमारतींचेच पीक जोमदार, ही गोष्ट वेगळी.

फाल्गुन–चैत्रात भातशेतकरी राब भाजून पावसाची वाट पाहू लागतो, तेव्हा वरकस जमिनीच्या तुकड्यावर फुलबाग राखणाऱ्याचे खरे वर्ष सुरू होते. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर धरते. म्हणून पाऊस सरल्यावर पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा, थंडीच्या अखेरीस छाटणी करावयाची, आळी खणून शेणखत घालावयाचे आणि मगच पाणी सोडावयाचे, हा क्रम ज्याने चुकविला त्याच्या वाट्याला पाला पुष्कळ आणि कळी थोडी. पुढे लग्नसराईच्या ऐन दिवसांत तोडा पहाटेच, अंधार सरण्यापूर्वी सुरू होतो. कारण गिऱ्हाइकाला हवी असते ती पूर्ण भरलेली, शुभ्र, परंतु मिटलेली कळी, आणि संध्याकाळी झाडावरच उमललेल्या फुलाचा सुगंध कितीही मोहक असला तरी अडत्याच्या वहीत त्याला किंमत नाही. कळी आतून पोखरणाऱ्या अळीवरही याच वेळी नजर ठेवावी लागते. लागण झालेली कळी जांभळट पडून गळते.

परंतु हे हातांचे काम झाले. डोक्याचे काम याहून अवघड आहे. उन्हाळ्यात लावलेला निशिगंधाचा कंद तीन–साडेतीन महिन्यांनी दांडा देतो, म्हणजे गणपतीची तजवीज वैशाखातच करावी लागते. झेंडू बी टाकल्यापासून दोन–अडीच महिन्यांत फुलतो. शेवंती मात्र रात्र लांबत गेल्याखेरीज कळी धरीत नाही. फुले अशी सूर्याची आज्ञा पाळतात, आणि बाजार पाळतो पंचांगाची! २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला आला. २०२३ साली १८ जुलैपासून अधिक श्रावण पडल्यामुळे तो २४ ऑक्टोबरवर गेला. एकोणीस दिवसांचा हा फरक झेंडू पेरणी पुढे ढकलून सोसतो. शेवंतीपाशी, दिवे लावण्याचा अथवा काळे कापड ओढण्याचा खर्च न झेपणाऱ्या छोट्या मळेकऱ्याला, अशी तडजोड करता येत नाही. म्हणूनच नवे पंचांग हाती येताच त्यात प्रथम अधिक मास शोधणारा शेतकरी मला बियाण्याच्या जाहिराती वाचणाऱ्यापेक्षा अधिक शहाणा वाटतो.

लवकरचा दसरा बरा की उशिराचा, याचे उत्तरही सरळ नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कोकणातून पाऊस सहसा पुरता हटलेला नसतो, आणि भिजलेला झेंडू पाणी धरून पाटीतच काळा पडतो. उशिराच्या दसऱ्याला फूल कोरडे मिळते खरे, पण तेव्हा घाटावरचा मालही तितकाच कोरडा आणि भरपूर उतरतो. यावर अल्पभूधारकाच्या हाती एकच उपाय उरतो: सगळा वाफा एका तिथीवर न लावणे. रोपवाटिकेकडे रोपांची आगाऊ नोंद करतानाच तो तिचे दोन हप्ते पाडतो. विजयादशमी ते लक्ष्मीपूजन हे अंतर, अधिक मास असो वा नसो, वीसेक दिवसांचेच राहते; तेव्हा पहिल्या हप्त्याची तारीख एकदा ठरली की दुसऱ्याची वेगळी ठरवावी लागत नाही, आणि पहिल्या झाडांचे शेंडे वेळीच खुडले असतील तर त्यांचा मागचा तोडाही दिवाळीच्या तोरणांना कामी येतो.