आठ किलो

रात्रीचे दहा वाजतायत. राहाता तालुक्यातल्या एका लहानशा रुग्णालयाचा मुलांचा वॉर्ड. बाहेर उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्यात. आत तोडणीच्या टोळीतली एक आई, मांडीवर तापानं फणफणलेलं सव्वा वर्षाचं पोर. डॉक्टरांनी केसपेपरवर अमिकॅसिन लिहिलंय: किलोला 15 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा.

"वजन किती?" शिकाऊ नर्स विचारते.

"धा किलो आसंल."

ती लिहायला जाते तोच सिस्टर म्हणतात, "असेल नको गं. काट्यावर घे."

पोर काट्यावर ठरत नाही. मग आईसकट घेतात: 50. पोर वॉर्डातल्या मावशींच्या कडेवर, आई एकटी: 42. म्हणजे आठ. डोस 120 मिलिग्रॅम. ऐकीव वजनावर तो दीडशे झाला असता, आणि हे औषध जास्त झालं की मूत्रपिंडाला नि कानाला बाधतं.

खरी मेख पुढेच आहे. हे इंजेक्शन 100, 250 आणि 500 मिलिग्रॅमचं मिळतं, पण बाटलीत औषध दरवेळी दोनच मिली. शिकाऊ पोरीनं त्रैराशिक मांडलंय 250 धरून, हातात आलीय 500ची. गणित अचूक, डोस दुप्पट!

"लेबल मोठ्यानं वाच."

"अमिकॅसिन, पाचशे…" ती गप्पकन बाटली ठेवते, दुसरी उचलते. 120 भागिले 250, गुणिले 2. वहीत '.96' उमटतं. सिस्टर टिंबाआधी शून्य काढायला लावतात. टिंब पुसट झालं तर कुणी 96 वाचेल. दुसऱ्या सिस्टर वहीत न डोकावता पुन्हा गणित करतात, मगच सही.

औषध 30 मिली सलाईनमधून तासाभरात द्यायचंय. मायक्रोसेटचे 60 थेंब म्हणजे एक मिली, तासाची मिनिटंही 60. त्यामुळे ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. ज्यानं हे जुळवलं त्यानं रात्रपाळी केली असणार. पोरगी घड्याळ नळीशेजारी धरून तीस थेंब मोजते.

"बाई, वजन कमी भरलं का ओ?"

"भरलं ना, ताई. या वयाला दहाच्या आसपास हवं. खायला काय देता?"

"च्या-बिस्कुट. पहाटंच फडात जावं लागतंय."

सिस्टर केसपेपर पुन्हा ओढतात, आठाभोवती गोल करतात आणि सकाळच्या डॉक्टरांसाठी आहाराचं लिहायला घेतात.