मोकळ्या माळाचा कायदा

जयपूरच्या दक्षिणेस वसलेले सांगानेर आज छापील कापडासाठी आणि विमानतळासाठी सर्वश्रुत आहे. परंतु १५७२ साली अकबर बादशहाची स्वारी येथे शिकारीस उतरली असता, पाठलागात सापडलेल्या एका हरणाने सुमारे पंचवीस गज रुंदीची घळ झेपेसरशी ओलांडली आणि मागून येणाऱ्या शाही चित्त्यानेही तशीच झेप घेऊन त्यास धरले, अशी हकीकत अबुल फज्लने ‘अकबरनामा’त नमूद केली आहे. प्रसन्न झालेल्या बादशहाने त्या चित्त्यास सर्व चित्त्यांचा मुख्य नेमले आणि त्याच्यापुढे नगारा वाजविण्याचा हुकूम फर्मावला. झेपेच्या मापात दरबारी अतिशयोक्ती असेलही. तथापि चित्त्यास धावण्यासाठी जे विस्तीर्ण, विरळ झाडांचे गवताळ रान लागते, ते त्या काळी सांगानेरच्या शिवारात होते, हे निर्विवाद.

अशा भूप्रदेशास शास्त्रज्ञ सवाना म्हणतात, आणि पुणे-सोलापूरकडील आपली माळरानेही त्याच जातकुळीतली आहेत. तेथील जीवनाचा कायदा आफ्रिकेतील सेरेंगेटीत सर्वांत स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात टांझानियातील सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील मैदानांत, ज्वालामुखीच्या राखेने समृद्ध झालेल्या मातीवर, चुना व स्फुरद यांनी युक्त असे आखूड गवत उगवते; तेथेच विल्डेबीस्टच्या माद्या वितात आणि बहुतेक वासरे दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत जन्मास येतात. पुढे पाणी आटले, गवत करपले, की सुमारे तेरा लाख विल्डेबीस्ट व त्यांच्यासवे लाखो झेब्रे आणि हरणे अधिक पर्जन्याच्या उत्तर भागाकडे, थेट केनियातील मारा नदीपर्यंत जातात. सिंह-तरसांना मात्र पिलांच्या संगोपनासाठी आपापल्या मुलखात राहावे लागत असल्याने कळपांचा सतत पाठलाग करता येत नाही. म्हणूनच स्थलांतर करणाऱ्यांची संख्या एवढी वाढू शकते.

ही वाट बंद झाली तर काय होते, याचा दाखला बोट्स्वानाने दिला आहे. गुरांतील रोगांचा प्रसार रोखण्यासाठी तेथे उभारलेल्या कुंपणांमुळे १९८० च्या दशकात, अवर्षणात पाण्याकडे निघालेले हजारो विल्डेबीस्ट वाटेतच तडफडून मेले. हेतू रोगप्रतिबंधाचा होता. परिणाम मात्र संहाराचा झाला.

आपल्याकडे कुंपणाआधी शिकारखाना आला. चित्त्यांची वीण बंदिवासात क्वचितच होई. त्यामुळे दरबारच्या पदरी ठेवलेला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणावा लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी देशी चित्ता इतका दुर्मीळ झाला, की कोल्हापूरसारख्या संस्थानास शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. इकडे नांगराखाली कुरणे गेली, काळविटांचे कळप विरळ झाले, आणि अखेर १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. सतरा सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ, आणि पुढील फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. त्यांतील काहींनी पुढे राजस्थानचीही हद्द ओलांडली. या भटकण्यास उनाडपणा समजणे योग्य नव्हे. भक्ष्य जिथे विखुरलेले, तिथे भक्षकास दूरवर फिरणे भागच असते.

म्हणून चित्ता परत आणणे हा कामाचा केवळ अर्धा भाग होय. उरलेला अर्धा महसुली दप्तरात आहे. गवताळ जमिनीची नोंद पडीक म्हणून होत आली, आणि जी पडीक ती कोणत्याही कामी देता येते, असा समज दृढ झाला. कधी तेथे कारखाने उभे राहतात, कधी सद्हेतूने झाडे लावली जातात, आणि दोन्ही प्रकारे गवत मरते. राजस्थानातील ‘ओरण’ नावाच्या देवराया व महाराष्ट्रातील गायराने यांस स्वतंत्र, जिवंत अधिवास म्हणून मान्यता देऊन त्यांना जोडणाऱ्या वाटा कायद्याने मोकळ्या राखल्या पाहिजेत. कारण ज्या प्राण्यांचे अन्न पावसामागे सरकते, त्यांना एका जागी दिलेले संरक्षण, कितीही कडक असले, तरी अपुरेच ठरणार.