पट आणि धावपट्टी

आमच्या लाखनी-साकोलीकडे धान घरात आलं की शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस सुरू होतात. लहानपणी मामाजी मला खांद्यावर बसवून पटावर न्यायचे. जोडी सुटली की सगळं रान ओरडायचं, ते मात्र गप्प राहून बैलांचे पाय बघायचे. "बाबू, जोडी नुसत्या जोरानं जिंकत नाही, सरळ धावली तर जिंकते," असं ते म्हणायचे. त्याचा अर्थ मला पुढे विमान उडवायला शिकताना उमगला.

हौशी वैमानिकांचे मेळावे भरतात तेव्हा तिथेही पटासारखीच चुरस असते, फक्त वेगाची नसते. सगळ्यांचा जीव अडकतो तो ठरल्या जागी उतरण्याच्या स्पर्धेत. धावपट्टीवर चुन्याची आडवी रेघ मारतात. विमान धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जात असतं, उंची 1000 फूट. रेघ पंखाच्या बरोबरीला आली की थ्रॉटल पूर्ण ओढून घ्यायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. इंजिन बंद पडल्यासारखंच समजायचं. सेसनासारखं छोटं विमान तेवढ्या उंचीवरून, वारा नसेल तर, साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्यात वळायचं, वारा ओळखायचा आणि चाकं रेघेवर टेकवायची. पंच बाजूला टेप घेऊन उभे असतात. रेघेच्या पुढे टेकलं तर थोडा दंड, अलीकडे टेकलं तर जास्त, कारण खरोखरच इंजिन बंद पडलं तर अलीकडे बांध असतो, विहीर असते, विजेची तार असते.

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी रेघेच्या चार मीटर अलीकडे टेकलो. शेवटी रेघ लांब दिसायला लागली आणि हात आपोआप नाक वर ओढू लागला. नाक ओढल्यानं विमान पुढे जाईल असं वाटतं, पण वेग मरतो आणि ते आधीच बसतं. शिकताना हे शंभरदा ऐकलं होतं. हाताला कळलं ते त्या दिवशी. जिंकलेल्या मुलानं संध्याकाळी जेवणाच्या दोन ताटल्या टेबलावर मांडल्या, एक धावपट्टी, एक विमान, आणि माझी चूक कुठे सुरू झाली ते दाखवलं. वळण मी उशिरा घेतलं होतं. शेवटचे चार मीटर तिथेच हरवले होते.

दुसरी स्पर्धा मार्ग शोधण्याची. नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र एवढ्यावर ठरलेल्या खुणांवरून ठरलेल्या सेकंदाला जायचं. जागतिक स्पर्धांत दोन सेकंदांपर्यंत माफी असते, पुढे प्रत्येक सेकंदाला दंड. आमच्या भागावरून हे अवघडच. कोहळी समाजानं पिढ्यानपिढ्या बांधलेले तलाव पावसाळ्यानंतर वरून सगळे सारखेच चमकतात. शिवनीबांध ओळखायचा तर आधी राष्ट्रीय महामार्ग धरावा लागतो. पिठाच्या पुड्या लक्ष्यावर टाकण्याचाही खेळ काही देशांत चालतो. पुडी विमानाच्या वेगानं पुढे जात पडते, म्हणून लक्ष्य येण्याआधीच सोडावी लागते. आपल्याकडे परवानगीशिवाय विमानातून काही टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

चुरस आणि मैत्री एकत्र नांदतात याचा दाखला मी उडायला शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी 1930चा देतो. इंग्लंड-भारत प्रवास एकट्यानं करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगा खान यांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. 17 वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून निघाले, जेआरडी टाटा कराचीहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघं भेटले. अस्पींना स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. बक्षीस अस्पींना मिळालं. पुढे 1960 साली ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

गोंदियाची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. 1999 पर्यंत गोंदिया आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं, म्हणून ती मला अजून घरचीच वाटते. आज तिथे देशभरातली मुलं उडायला शिकतात. थंडीत एखादा दिवस तिथे असा मेळावा भरावा, गावोगावची माणसं पटाला येतात तशी कुंपणाबाहेर उभी राहावीत, अशी माझी फार इच्छा आहे. चुन्याची रेघ मारायला मी पहाटेच येईन.