पाचाला पाव

आमच्या इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलाने संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलून घेतला आणि त्याच संध्याकाळी मदरबोर्ड जळाला. नवा कनेक्टर व्यवस्थित बसला होता, लॉकही लागलं होतं. प्लग बसतो आणि तरी वीज चुकीची येते, हे कसं, ते समजून घ्यायचं म्हणून मी बदलापूर पूर्वेला स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसू लागलो.

गाळा लहान. सोल्डरिंगचा धूर पंख्याने फक्त जागा बदलतो. मुंबईतल्या कार्यालयांनी काढून टाकलेले संगणक इथे येतात, परवडतात म्हणून विद्यार्थी ते घेतात, आणि एसएमपीएस गेला की गाडी अडते. कारण या यंत्रांचे कनेक्टर अनेकदा बाजारात सर्रास मिळणाऱ्या 24 पिनांचे नसतात.

दुकानात अंबरनाथच्या आयटीआयमधून आलेली एक मुलगी काम शिकत होती. मी पुन्हा पुन्हा गेलो तो तिचं काम बघायला. एके दिवशी तिच्यासमोर दहा छिद्रांचा एक कनेक्टर होता. तारा नऊ, सगळ्या काळ्या.

रंगांची एक ठरलेली भाषा आहे. इंटेलने 1995 मध्ये आणलेल्या एटीएक्स पद्धतीत काळी तार ग्राउंडची, लाल 5 व्होल्टची, पिवळी 12 ची, नारिंगी 3.3 ची, जांभळी स्टँडबायची आणि हिरवी चालू करण्याची. नवशिका हे पाठ करतो आणि तिथेच फसतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही संगणकांत कनेक्टर हुबेहूब एटीएक्ससारखा होता, आतला क्रम मात्र वेगळा. इथे तर रंगच नव्हते.

दुकानाचे दादा तिला एकच आकडा सांगत होते: ‘पाचाला पाव.’ म्हणजे 5 व्होल्टच्या तारेवर पाव व्होल्ट इकडेतिकडे चालेल, 4.75 ते 5.25. हिशेब पाच टक्क्यांचा. बाराला तो सहा दशांश होतो.

तिने आधी कागदावर कनेक्टर काढला. या पायरीवर ती बराच वेळ थांबली, आणि मला ते फार आवडलं. कनेक्टर तोंडाकडून पाहिला तर एक नंबरची पिन एका बाजूला, तारांकडून पाहिला तर ती दुसऱ्या बाजूला. आकृती बरोबर असूनही बोर्ड जळतात ते या उलटापालटीमुळे. तिने लॉक कुठे आहे ते दाखवलं, बाजूला ‘तारांकडून’ असं लिहिलं आणि मगच नंबर घातले.

प्लग भिंतीतून काढलेला असतानाच तिने मीटर बीपवर ठेवला. एक टोक एसएमपीएसच्या पत्र्याला, दुसरं एकेका तारेला. तीन तारांवर बीप वाजला, ते ग्राउंड. मग प्लग लावून मीटर डीसी 20 व्होल्टवर. संगणक बंद असतानाही स्टँडबायची तार जिवंत असते, तिच्यावर 5 दिसणार अशी तिची अपेक्षा. मीटरने 12.1 दाखवले.

‘दादा, पाच हवं होतं. बारा येतंय.’

‘येतंय ते लिही. हवं ते नको लिहूस.’

आता असे पुरवठे वाढत आहेत. एसएमपीएस फक्त 12 व्होल्ट देतो, 5 आणि 3.3 मदरबोर्ड स्वतः तयार करतो. इंटेलच्या 12 व्होल्टवाल्या नव्या पद्धतीचा मुख्य कनेक्टरही दहा पिनांचाच आहे.

आणखी एका तारेवर पाचाच्या जवळचा आकडा आला. पाचाला पाव, या मापात तो बसतही होता. दादांनी तिला थांबवलं. मीटर दाब सांगतो, त्या तारेत किती जोर आहे ते सांगत नाही. तिने त्या तारेतून ग्राउंडला एक किलो-ओहमचा रेझिस्टर लावला. खरी पुरवठ्याची तार एवढ्याने हलत नाही. इथे आकडा कोसळला आणि पंखा फिरू लागला. ती चालू करण्याची तार होती! एटीएक्समधल्या हिरवीची बहीण, काळ्या कपड्यांत. रेझिस्टरऐवजी साध्या तारेचा तुकडा लावला असता आणि अंदाज चुकला असता, तर तिथे शॉर्ट झाला असता.

पुढचं झटपट झालं. तीन तारांवर 12 आले, आणि उरलेल्या एकीवर, आधी शून्य होतं तिथे, वीज स्थिर झाल्याची खूण सांगणारा सिग्नल.

आमच्या इमारतीतल्या मुलाच्या बोर्डासाठी कोणी ही मोजणी केली असती, तर बोर्ड वाचण्याची मोठी शक्यता होती. मीटर महाग नसतो. घाई महाग पडते, आणि तिचं बिल गिऱ्हाईक भरतं. बसतो म्हणून प्लग लावणाऱ्या दुकानदाराला थांबवा, आधी मोजून दाखवायला सांगा. घरी शिकणाऱ्यांनी कनेक्टरवरच मोजावं, एसएमपीएसचा डबा उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे राहू शकतात.