"चांगले आहे, साहेब" : नव्या औजाराविषयी खरा अभिप्राय कसा मिळवावा

नवे औजार गावात येते, त्याचे प्रात्यक्षिक होते, आणि काही दिवसांनी कार्यकर्ता शेतकऱ्यास विचारतो, "अण्णा, यंत्र कसे वाटले?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "चांगले आहे, साहेब." कार्यकर्ता वहीत 'समाधानकारक' असा शेरा लिहितो व पुढच्या बांधाकडे वळतो.

या उत्तरात खोटेपणा असतो असे नाही. दारी आलेल्या माणसाने आणलेल्या वस्तूस नावे ठेवू नयेत ही आपल्याकडील रीत आहे. ज्याने आज पेरणीयंत्र विनामूल्य चालवून दाखविले तोच उद्या बियाणे आणील, हा विचारही मनात असतोच. परंतु अशाच शेऱ्यांवरून पुढे शिफारस होते, एखादा गट कर्ज काढून यंत्र घेतो, आणि दुसऱ्या मृगाला ते गोठ्याच्या आडोशास गंजत पडलेले दिसते. कार्यकर्त्याची वही तशीच राहते. हप्ते मात्र गटास फेडावे लागतात.

हल्ली पुष्कळ शेतकरी गट नव्या औजारांविषयी आपली परीक्षणे लिहून भ्रमणध्वनीवरील गटांत पाठवितात. काही ठिकाणी अवजार बँकेच्या भिंतीवर फळाही लावलेला असतो. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र त्यात 'उत्तम', 'झकास' किंवा नुसते अंगठ्याचे चिन्ह याखेरीज काही नसेल, तर वाचणाऱ्यास त्याचा काडीचाही उपयोग नाही. आपली जमीन काळी की मुरमाड, आपल्याकडे बैल की ट्रॅक्टर, याप्रमाणे आपण काय करावे हे त्यास त्यातून कळत नाही.

गोड अभिप्रायांवर विसंबून राहिल्याने केवढी फसगत होते, याचे एक मोठे उदाहरण शेती औजारांच्या इतिहासात नमूद आहे. दोन चाकांच्या एकाच सांगाड्यास नांगर, पेरणीयंत्र, कोळपे व गाडीचा साटा आलटून पालटून जोडता यावा, अशी बैलांनी ओढावयाची बहुउद्देशी चाकी औजारे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत तयार झाली. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेतही काळ्या जमिनीच्या शेतीसाठी अशा औजारावर बरेच काम झाले. संशोधन क्षेत्रावर औजार उत्तम चाले. अहवालही आशादायक होते. आपल्या देशात ती शेतकऱ्यांस अनुदानावर देण्यात आली. पुढे पॉल स्टार्की या तज्ज्ञाने देशोदेशींची माहिती गोळा करून १९८८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखविले, की सुमारे ३० वर्षांत ४५ हून अधिक प्रकारची जवळजवळ १०,००० औजारे बनली; पण बहुउद्देशी औजार म्हणून ती कित्येक वर्षे सतत वापरणारे शेतकरी नगण्य निघाले. बहुतेक औजारे एक तर पडून राहिली किंवा त्यांची नुसती गाडी झाली. ग्रंथाच्या नावातच 'परिपूर्ण, तरीही नाकारलेली' असे शब्द आहेत.

शेतकऱ्यांस औजाराची किंमत जड जात होती, ते वजनदार होते, जोडणी बदलण्यात वेळ मोडत होता, आणि एक भाग बिघडला की सारीच कामे अडत होती. यातील एकही गोष्ट गुप्त नव्हती. ज्याच्या अंगणात औजार उभे होते त्या प्रत्येकास ती ठाऊक होती. पण एका प्रकल्पातील अडचणी दुसऱ्या प्रकल्पापर्यंत क्वचितच पोहोचत, आणि आशादायक अहवाल मात्र छापले जात. त्यामुळे तीच चूक एका देशातून दुसऱ्या देशात जात राहिली.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे 'कसे वाटले?' हा प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजी तुलना करावयास लावणारा प्रश्न विचारावा. "अण्णा, तुमच्या तिफणीपेक्षा हे यंत्र कोणत्या कामात उणे पडले?" असे विचारले, की काहीतरी उणे असणारच असे विचारणाऱ्यानेच गृहीत धरलेले असते, मग सांगणाऱ्यास संकोच राहत नाही. "तुमच्या मेहुण्याने हे घेऊ का म्हणून विचारले, तर त्याला काय सांगाल?" हाही प्रश्न फलदायी ठरतो, कारण साहेबांस सांगावयाचे उत्तर आणि मेहुण्यास सांगावयाचे उत्तर यांत पुष्कळ अंतर असते. अनुदान नसते तर पूर्ण किमतीस घेतले असते काय, हे विचारण्यासही कचरू नये. शक्य असल्यास ज्याने औजार दिले त्याने स्वतः विचारूच नये. शेजारच्या सजातील कार्यकर्त्याने यावे व याने त्याच्या गावी जावे. एवढ्या अदलाबदलीनेही उत्तरे बदलतात.

प्रश्नाइतकेच महत्त्व वेळेस आहे. रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरणाऱ्या यंत्राचे, ज्यास गावोगाव 'बीबीएफ' म्हणतात, उदाहरण घेऊ. पेरणीच्या दिवशी विचारल्यास शेतकरी खूश असतो. काम लवकर उरकलेले असते, वरंबे सुबक दिसत असतात. परंतु एखादी नळी चिखलाने बुजली असेल तर ती गोष्ट त्या दिवशी कोणासच ठाऊक नसते. तिफणीवर चाड्यात बी सोडणाऱ्या बाईच्या हातास नळी तुंबल्याचे तत्काळ कळते. यंत्रावर चालक पुढे पाहत असतो आणि बी पेटीतून पडत असते. मोकळी राहिलेली ओळ दिसते ती आठवड्याने, उगवणीनंतर. त्याचप्रमाणे सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक असल्यामुळे चकती नीट जुळलेली नसल्यास दाणे फुटतात, आणि बी खोल पडले तर उगवण मार खाते. हेही पेरणीच्या दिवशी दिसत नाही.

म्हणून दुसरी भेट पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी दिली पाहिजे, आणि त्या वेळी मत विचारण्याऐवजी शेतकऱ्यासह रोपे मोजावीत. ४५ बाय ५ सेंटीमीटर अंतराने पेरले असल्यास एक मीटर ओळीत सुमारे २० रोपे अपेक्षित असतात. शेतात पाच-सहा ठिकाणी मोजावे, तितक्याच ठिकाणी शेजारच्या तिफणीच्या पेऱ्यातही मोजावे. आकडे समोर आले, की शेतकरी आपणहून बोलू लागतो. "हितं बघा, या तासाला बीच पडलं न्हाई," असे वाक्य वहीतील दहा 'समाधानकारक' शेऱ्यांपेक्षा मोलाचे आहे.

तिसरी भेट कोळपणीच्या वेळची. ही भेट हमखास टाळली जाते. यंत्राने पाडलेल्या ओळींचे अंतर घरच्या कोळप्याच्या पासेशी जुळले नाही, तर शेतकऱ्यास एक तर नवे कोळपे करून घ्यावे लागते किंवा खुरपणीवर मजुरी खर्चावी लागते. यंत्राची पेरणी स्वस्त पडली, पण निंदणीत वाचलेले पैसे गेले, असा हिशेब पुष्कळदा निघतो. पेरणीयंत्राच्या अभिप्रायात कोळप्याचा काय संबंध, असे कार्यकर्त्यास वाटेल. शेतकऱ्यास मात्र सारा हंगाम एकच असतो.

निंदणीचा विषय निघाला म्हणजे आणखी एक मोठी उणीव ध्यानात येते. अभिप्राय घरधन्याचा घेतला जातो. खुरपणारी, वेचणारी, पाखडणारी, साठवणारी व रांधणारी बाई त्या वेळी पडवीच्या आत असते. औजारांपेक्षाही वाणांच्या बाबतीत हे विशेष नडते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ज्वारी कित्येक दशके टिकून राहिली, तिच्यामागून अनेक सुधारित वाणे येऊनही तिचे क्षेत्र सुटले नाही. यात भाकरीच्या प्रतीचा व कडब्याचा वाटा मोठा आहे. पीठ कसे मळले जाते, भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते का, याचे उत्तर हेक्टरी उत्पन्नाच्या तक्त्यात सापडत नाही. ते चुलीपाशी विचारावे लागते; आणि पुरुष कार्यकर्त्याने विचारण्यापेक्षा बचत गटातील एखाद्या ताईने विचारलेले बरे.

ज्यांस लिहिण्यावाचण्याची सवय नाही, किंवा जे चारचौघांत बोलण्यास बुजतात, त्यांच्यासाठी चिंचोक्यांची रीत सोपी आहे. दोन वाणांची कणसे किंवा दोन औजारांची चित्रे जमिनीवर मांडावी आणि प्रत्येकीस दहा चिंचोके द्यावे. भाकरीसाठी कोणते, कडब्यासाठी कोणते, खुरपणीस हलके कोणते, अशा एकेका बाबीवर ते दहा चिंचोके दोहोंत वाटावयास सांगावे. सात-तीन अशी वाटणी झाली, की "वयनी, तीनच का?" एवढे विचारावे व गप्प बसावे. पुढील बोलणे आपोआप होते. कोणत्या बाबी मोजावयाच्या हेही कार्यकर्त्याने घरून ठरवून नेऊ नये. त्या त्यांनाच सांगू द्याव्या.

आणखी एका मंडळींकडे आवर्जून गेले पाहिजे. ज्यांनी औजार एकदा वापरून सोडून दिले ती ही मंडळी. प्रगतिशील शेतकऱ्याच्या घरी चहा मिळतो, त्यामुळे पाय तिकडेच वळतात. पण सोडून देणाऱ्याजवळ जी माहिती असते ती इतर कोणाकडेही नसते.

मिळालेला अभिप्राय शेतकऱ्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून ठेवावा. सोबत जमिनीचा प्रकार, पेरणीपूर्वीचा पाऊस, ओढण्याचे साधन व जुळवणी कोणी केली याची नोंद असावी. याचे कारण असे की प्रत्येक तक्रार यंत्राची नसते. खत दमट असल्यामुळे पेटीत अडकले, तर तो साठवणीचा दोष होय. वापसा येण्यापूर्वीच यंत्र घातले म्हणून फणांस चिखल धरला, तर ती घाईची चूक होय. पण नळी बुजलेली दिसत नाही हा यंत्राचाच दोष आहे, आणि तो दूर होऊ शकतो. काही यंत्रांस पारदर्शक नळ्या बसविलेल्या असतात त्या याचसाठी. निर्मात्यास 'यंत्र बरे नाही' असे कळवून काही होत नाही. कोणत्या जमिनीत, कोणत्या पावसानंतर, कितवी नळी बुजली हे कळविल्यास त्यास हातपाय हलविता येतात.

तक्रारीचे चीज कसे होते याचा दाखला गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशाच्या सीमेवरील पंचमहाल, बांसवाडा व झाबुआ या डोंगराळ भागात मिळतो. तेथे १९९० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांस भाताच्या निरनिराळ्या वाणांचे थोडे थोडे बियाणे देण्यात आले. अट एवढीच, की ते आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी, आपल्याच पद्धतीने पेरावे. ओडिशातील 'कलिंगा-३' या वाणाची त्या भागासाठी शिफारस नव्हती, तरी शेतकऱ्यांनी ते उचलले, कारण ते लवकर तयार होई व दाणा बारीक, चांगल्या प्रतीचा होता. नातलगांस बियाणे देऊन त्यांनी ते पसरविलेही. त्याचबरोबर ते लोळते, ही तक्रारही त्यांनी स्पष्ट सांगितली. संशोधकांनी स्तुती व तक्रार दोन्ही टिपून घेतल्या आणि 'कलिंगा-३'चा 'आयआर-६४'शी संकर केला. त्यातून शेतकऱ्यांच्या सहभागाने निवडलेली 'अशोका' नावाची वाणे पुढे पूर्व भारतातील वरकस जमिनीतही गेली.

आपल्या सजात एवढे मोठे काम होईल असे नाही. तरी ज्याने तक्रार सांगितली त्यास तिचे पुढे काय झाले हे कळविणे मुळीच अवघड नाही. निर्मात्याने उत्तर दिले असल्यास ते वाचून दाखवावे; दिले नसल्यास तसेही सांगावे. जेथे हे होत नाही तेथे पुढच्या वर्षी पुन्हा "चांगले आहे, साहेब" हेच ऐकू येते.

शेवटची भेट दुसऱ्या वर्षीच्या मृगापूर्वी, आणि तीत प्रश्न विचारण्याचेही कारण नाही. अवजार बँकेची भाड्याची वही उघडावी. गेल्या वर्षी ज्यांनी यंत्र विनामूल्य नेले होते, त्यांपैकी यंदा भाडे भरून कितीजणांनी नाव नोंदविले आहे ते मोजावे, आणि ज्यांचे नाव वहीत नाही त्यांच्या घरी आधी जावे.